तळ्याकाठी काय काम?

सोलापूर जिल्ह्यात पाण्याकाठी जायला कुणाचीही आडकाठी नाही. म्हशी धुवा, गोधड्या आपटा, गणपती बुडवा, गळ टाकून बसा, पोराच्या पाठीला डबा बांधून त्याला पोहायला शिकवा, टेम्पो चाकापर्यंत आत घालून धुऊन काढा. अंधार पडला की चौघंजण कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पिशवीत गुंडाळलेलं आणखी काही घेऊन बसा. कुणी हटकणार नाही. पण रिकाम्या हातानं काठावर उभं राहून पाण्याकडे नुसतं बघायला लागा, की थोड्याच वेळात एक मोटारसायकल थांबते. स्टँड न लावता, एक पाय जमिनीला टेकवून माणूस विचारतो, "काय ओ मालक, काय करायलाव?"

"पक्षी बघतोय."

"ते झालं. पण काम काय?"

यात उर्मटपणा अजिबात नाही. आमच्याकडे बघणं ही व्यवहाराची पहिली पायरी आहे. मुलगी बघतात, म्हैस बघतात, प्लॉट बघतात. बघून झालं की भाव निघतो, एकजण नको म्हणतो, दुसरा चहा सांगतो आणि गाडी पुढे सरकते. बघितलं, वहीत लिहिलं आणि घरी गेलो, हा बिनव्यवहारी प्रकार ऐकून समोरचा माणूस मनापासून अस्वस्थ होतो. त्यातून बघणारा एकटा असेल तर काळजीच. संभाजी तलावाच्या काठी एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता, त्याच्याकडे मी टक लावून बघत होतो. सकाळी फिरायला आलेले एक आजोबा शेजारी येऊन बसले. जरा वेळानं हळूच म्हणाले, "घरी सगळं बरं आहे ना?" बरं आहे म्हटलं. "बँकेचं काही?" नाही म्हटलं. "पोरं ऐकत नसतील. कुणाचीच ऐकत नाहीत." मी पाणकावळा दाखवला. त्यांनी तो बघितला, मान डोलावली आणि मी उठून रस्त्याला लागेपर्यंत जागचे हलले नाहीत.

खरं म्हणजे पक्षी बघायला याहून चांगला जिल्हा शोधून सापडायचा नाही. दुष्काळी म्हणून आमची ख्याती आहे, आणि तलाव दुष्काळी मुलखातच बांधतात. ज्यांच्या दाराशी नदी वाहते ते कशाला बांधतील? सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळं खोदलं. इंग्रजांनी आदिला नदी अडवून 1871 साली एकरूखचा तलाव पुरा केला, त्याला आम्ही हिप्परगा म्हणतो. बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव पाझर तलाव झाले. नंतर शेततळी आली, त्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असल्यामुळे बदकंही घसरतात. होटगीचा तलाव आहे, भीमा आहे, सीना आहे, आणि सगळ्यांच्या वर उजनीचं धरण.

हिवाळा लागला की या सगळ्या पाण्यावर पाहुणे उतरतात. चक्रवाक येतात, थापट्या येतात, तलवार बदकं येतात. कार्तिकीच्या सुमाराला वारकरीही जमतात. म्हणजे पंढरपुरातले वेगळे, हे काळे, कपाळावर पांढरं गंध लावलेले आणि दिवसभर पाण्यात. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतो आणि आल्या दिवशी पाण्यात उतरतो. उजनीच्या पाण्याला मात्र शंभरेक किलोमीटरच्या पाइपातून आमच्या नळापर्यंत यायला काही दिवस लागतात. सोलापूरकराला हंसाबद्दल आदर वाटतो तो त्याच्या उड्डाणामुळे नाही, रोज पाणी मिळवण्याच्या त्याच्या वशिल्यामुळे.

तर पाणी आहे, पक्षी आहेत आणि बघणारेही आहेत. अडतं ते आत शिरताना.

तलावांवर फलक असतात. पोहण्यास मनाई, कपडे धुण्यास मनाई, वाहने धुण्यास मनाई, मासेमारीस मनाई, आदेशावरून. फलकाच्या खांबाला म्हैस बांधलेली असते, फलकावर चादर वाळत असते आणि फलकामागं लोक पोहत असतात. मनाई केलेलं सगळं सुरळीत चाललेलं असतं. बघण्यास मनाई असं कुठंही लिहिलेलं नसतं, आणि अडवलं जातं ते फक्त बघणाऱ्याला. कारण सरळ आहे. म्हैस धुणारा रोजचा आहे, त्याचं नाव-गाव राखणदाराला पाठ आहे. दुर्बीण गळ्यात घातलेला माणूस रोजचा नाही, आणि जो रोजचा नाही तो वरून आलेला असतो.

म्हणून एकदा ठरवलं, रीतसर कागदच करून घेऊ. कार्यालयाचं नाव सांगत नाही. कुठलंही धरा, टेबलं सारखीच असतात. अर्जाचा विषय लिहिला, ‘तलाव परिसरात पक्षी बघण्यास परवानगी मिळणेबाबत’. लिपिकानं तो दोनदा वाचला.

"मंडप किती बाय किती?"

"मंडप नाही."

"स्पीकर?"

"नाही हो, पक्षी उडून जातील."

"जेवणावळ?"

"डबा आणतो."

"मग कार्यक्रम काय आहे?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, नुसतं बघायला परवानगी लागत नाही."

"मग तसं लिहून द्या."

"लिहून द्यायचं म्हटलं तर वरची परवानगी लागते."

इथं कुणी कार्यालयाला नावं ठेवील, पण मी ठेवणार नाही. कारण जिना उतरून टपरीवर चहा घेताना तेच गृहस्थ म्हणाले, "आमच्या गावच्या पाझर तलावावर ते तांबूस बदक येतं बघा, जोडीनं हिंडतं." चक्रवाकच! "रविवारी या. पोलीस पाटील आमचे चुलते आहेत. हुरडाबी आहे." त्या रविवारी चक्रवाकाच्या जोड्या, शेकाट्यांचा थवा आणि एक दलदली भोवत्या एवढं बघून झालं. कुणीही काही विचारलं नाही, कारण मी आता हुरड्याला आलेला पाहुणा होतो. जाणकारांना एकच सांगतो: सोलापूर जिल्ह्यात पक्षिनिरीक्षणाचा हंगाम आणि हुरड्याचा हंगाम एकच आहे, हा निसर्गानं आमच्यावर केलेला उपकार आहे. हातात कणीस असलं की दुर्बीण खपून जाते.

पक्ष्यांविषयी सरकारला आस्था नाही असंही नाही. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. 1932 साली इथंच जन्मले, जन्मभर जंगलं तुडवली, पक्ष्यांची मराठी नावं गोळा केली, 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जून 2025 मध्ये सोलापुरातच त्यांनी डोळे मिटले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर, म्हणून राज्यात हा आठवडा 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. तो बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत येतो, त्यामुळे प्रभातफेरीला पोरं मिळत नाहीत. मिळाली तर फेरी निघते, ‘पक्षी वाचवा’च्या पाट्या निघतात, घोषणा होतात. त्या फेरीला परवानगी असते बरं का, शिक्क्यासकट. त्यात मंडप असतो, स्पीकर असतो आणि अल्पोपाहार असतो. नसतो तो पक्षी.

उजनीची तऱ्हा निराळी. तिथं प्रवेशाचा प्रश्न नावाड्यांनी सोडवून टाकला आहे. मासेमारी करणाऱ्या मंडळींच्या लक्षात आलं, की माशांपेक्षा मासे खाणारे पक्षी दाखवण्यात बरकत आहे. कुंभारगाव, डिकसळ, भिगवण या बाजूला सकाळी जा, होडी तयार असते. नावाडी विचारतो, "फ्लेमिंगोच बघायचाय, का ऑस्प्रे पण?" लेन्स किती मोठी यावरून तो माणसाची किंमत करतो. खांद्यावर दीड फुटाची तोफ असेल तर पुढची जागा; दुर्बीणवाला मधे; मोबाइलवाला आणि त्याचे सासू-सासरे मागे. नावाड्याला पक्ष्यांच्या नुसत्या सवयीच नाहीत, घरच्या अडचणीही ठाऊक असतात. "तो बघा, त्या खांबावरचा. आज सकाळपासून एक मासा नाही मिळाला त्याला. चिडलाय."

आम्हा सोलापूरकरांचं दुखणं वेगळंच आहे. धरणाची भिंत माढा तालुक्यात, म्हणजे आमच्याकडे. धरण भरलं तर आमची दिवाळी, आटलं तर आमच्या नावानं बातमी. आणि फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, उतरतात ते पलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात! 2021 साली उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचं ठरलं तेव्हा सोलापूर जिल्हा पेटून उठला. आंदोलनं झाली, शेवटी तो आदेश मागं घ्यावा लागला. रोहित पक्षी मात्र हजारोंनी इंदापूरला गेले, ते परत मागावेत हे एकाही पुढाऱ्याला सुचलं नाही.

रोहितांचं आणि आमचं जमणंही कठीणच आहे. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसी मृतसाठा. साठा त्याच्या खाली गेला की सगळा जिल्हा ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणून कपाळाला हात लावतो. ऊसवाला रडतो, पेपरात भेगाळलेल्या जमिनीचे फोटो येतात, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर निघतं. आणि त्याच वेळी उघड्या पडलेल्या चिखलात रोहितांची पंगत बसते, कारण त्यांना गुडघाभरच पाणी लागतं. जिल्ह्याचं मायनस ते त्यांचं प्लस. त्यामुळे पक्षी कधी बघायला येऊ, असं नावाड्याला फोनवर विचारलं आणि तो "यंदा भरपूर आहेत" म्हणाला, तर त्याचा आनंद शेजारच्या ऊसवाल्यासमोर बोलून दाखवू नये.

आता खाणीकडे येतो. या लेखाचं खरं पाणी तिथं आहे.

सोलापूरच्या भोवती काळा पाषाण. रस्ता करा, पूल करा, जुळे सोलापूरला आणखी एक मजला चढवा, खडी इथूनच जाते. नदीतल्या वाळूवर बंधनं आल्यापासून क्रशरची वाळूही इथलीच. ब्लास्ट होतो, पोकलेन डबर उचलतं, टिपर भरतो, क्रशर त्याची खडी आणि कच करून ढीग लावतो. खड्डा खोल गेला आणि पाण्याला लागला की उपसण्याचा खर्च परवडत नाही. मग मालक शेजारी नवा खड्डा धरतो आणि जुना पावसाला सोडून देतो. दोन पावसाळ्यांत तिथं एक तळं होतं. उभे काठ, हिरवंनिळं पाणी, आणि नकाशात कुठंही नाव नाही.

या नाव नसलेल्या तळ्यात टिबुकली येते. बघता बघता बुडी मारते आणि जिथं आपण बघत नसतो तिथंच वर निघते. वरच्या मुरमाच्या थरात वेडे राघू बिळं करतात. कपारीत शृंगी घुबड बसतं, दोन कान उभारून. पाण्यालगत खडीवर छोटा चिखल्या धावतो, थांबतो, परत धावतो. त्याची अंडी खडीत ठेवली तर खडीच वाटतात. या चिखल्यानं इंग्लंडात पहिलं घरटं केलं ते 1938 साली, आणि पुढं तिकडं तो पसरला तो या खडीच्या खाणींच्या जिवावर. नॉटिंगहॅमजवळ अ‍ॅटनबरो नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या खडीखाणींच्या तळ्यांचं पक्षी अभयारण्य झालं आणि त्याचं उद्‌घाटन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी केलं. आडनाव आणि गावनाव एकच, म्हणजे पाहुणा शोधायलाही लांब जावं लागलं नसेल. तिकडंही भांडणं आहेत म्हणे. कुठल्या तळ्याला कुलूप, कुठलं गळवाल्या क्लबचं, कुठलं शिडाच्या होड्यावाल्यांचं. पण निदान भांडायला तिघं-चौघं आहेत. आमच्याकडे खाणीच्या पाण्यावर हक्क सांगणारा मी एकटा.

आमचं खडीशी जुनं नातं आहे, तेही सांगितलं पाहिजे. बहात्तरला जिल्ह्यातल्या निम्म्या बायाबापड्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. सुकडी आणि मिलो खाऊन, बोटाला चिंध्या गुंडाळून. गावाकडच्या म्हाताऱ्यांना खाणीवर पक्षी बघायला चाललोय म्हटलं की त्या आधी हसतात आणि मग म्हणतात, "आमच्या वक्ताला नव्हते रे पक्षी." होते. बघायला डोकं वर काढायची सवड नव्हती.

तर खाण. तिथं जायचं तर गळ्यातल्या दुर्बिणीनं भागत नाही; पाणी खोल आणि काठ उभे, त्यामुळे लांबूनच बघावं लागतं. त्यासाठी मोठी दुर्बीण तीन पायांवर उभी करायची. आणि इथंच घोळ होतो. कारण तीन पायांवर उभं केलेलं यंत्र ग्रामीण महाराष्ट्रात फक्त दोन कामांसाठी येतं.

पहिलं काम रस्त्याचं. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी बार्शी, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट तालुक्यांतून झाल्यापासून तीन पायांचं यंत्र दिसलं की माणसं बांध सोडून पळत येतात. दोघे भाऊ एकदम आले. थोरला म्हणाला, "साहेब, आमचा गट नंबर वाचवा. डाळिंबाची बाग आहे." धाकटा त्याला मागं ओढून मला बाजूला घेऊन गेला. "दादाचं ऐकू नका. दर चांगला असंल तर रस्ता आमच्यातनंच न्या. पाहिजे तर जरा वाकवा." मी दोघांनाही नळीतून वेडा राघू दाखवला. थोरल्यानं बघितला आणि म्हणाला, "हे तर रोजच बघतो." धाकट्यानं बघितला, पण बघताना त्याचा सगळा रोख राघूच्या मागच्या जमिनीवर होता.

दुसरं काम ईटीएस मोजणीचं. खाणीतून किती ब्रास दगड उचलला हे यंत्रानं मोजतात आणि भरलेल्या रॉयल्टीशी ताळा घालतात. जास्त उचललेला निघाला तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. तेव्हा खाणीच्या तोंडाशी कुणी तीन पाय उभे केले, की राखणदार कुत्रं सोडत नाही. थंड पाण्याची बाटली आणतो. मला ती मिळाली. खुर्चीही मिळाली. मग मालकांचा फोन आला आणि मला क्रशरच्या पत्र्याच्या ऑफिसात नेण्यात आलं. भिंतीवर अक्कलकोट स्वामी, खाली डिझेलचा हिशेब. मालकांनी यंत्राला डोळा लावला, भिंगाशी बोट नेलं आणि विचारलं, "ह्यातनं ब्रास कळतंय का?"

"नाही. फक्त पक्षी."

"नक्की?"

"नक्की."

यंत्राचा विषय मिटला. वाटलं, आता सुटलो. पण मालकांचा खरा प्रश्न पुढंच होता. "पक्षी कुठला?"

"टिबुकली."

"दुर्मिळ आहे का?"

"छे. कुठंही असते."

मालक खुर्चीत मागं रेलले. चहा आला.

दुर्मिळ आहे का, हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यात फार जपून विचारला जातो आणि त्यामागं इतिहास आहे. नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी आहेत हे बी. एस. कुलकर्णी नावाच्या शिक्षकांनी सत्तरच्या दशकात लोकांच्या नजरेला आणलं. एका शिक्षकानं नुसतं बघितलं, ही जिल्ह्यातली बघण्याची सर्वात महाग गोष्ट ठरली. 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचं. गोव्यासारखी दोन राज्यं मावून वर जागा उरेल. त्यात उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, पलीकडं नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा. माळ होते तशी शेतं होती, गावं होती, बाजारपेठा होत्या. जमिनीच्या व्यवहारात, कारखान्यात, रस्त्यात माळढोक आडवा यायला लागला. ज्यानं तो पक्षी जन्मात पाहिला नाही त्याच्या पोराचा प्लॉट त्यानं अडवून धरला. शेवटी 2012 साली अभयारण्य कापून 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोकही आटत आला होता; आता नान्नजला एखादा दिसला तर त्याची बातमी होते. पक्षी उडाला, धास्ती राहिली. एकेकाळी भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून ज्याचं नाव सलीम अलींनी पुढं केलं होतं, त्याचं नाव आमच्याकडे आजही दस्तनोंदणीच्या आठवणीनंच निघतं. मोराचा नंबर लागला ते एका अर्थी बरं झालं. मोराला घाबरून कुणी बिगरशेती थांबवत नाही.

तेव्हा मालकांची भीती खोटी म्हणता येईना. त्यांनी अटी सांगितल्या. ब्लास्टिंगच्या वेळेला थांबायचं नाही. कडेला जायचं नाही, कारण मागं पोरं पोहायला येऊन नको ते झालं आहे. कुणाला जागा सांगायची नाही. आणि साधे पक्षी बघायचे. "कावळे बघा, साळुंक्या बघा, बगळे बघा. कितीबी बघा, आपलंच समजा. पण ते दुर्मिळ-बिर्मिळ सापडू देऊ नका."

मी होय म्हटलं. बाहेर आल्यावर राखणदार माझ्याबरोबर चालत कडेपर्यंत आला, इकडं तिकडं बघितलं आणि पलीकडच्या कपारीकडं हनुवटी केली. "ते कोंबडीएवढं घुबड दिसलं का? पिल्लं काढलीत तिनं. दोन." मी यंत्र लावलं. दोन पांढुरके गोळे कपारीत एकमेकांना चिकटून बसले होते आणि आई शेजारी पिवळ्या डोळ्यांनी थेट नळीत बघत होती. राखणदारानं बराच वेळ डोळा काढला नाही. "रात्री क्रशर बंद झालं की घुमतं," तो म्हणाला. "पहिल्यांदा भ्यालो. आता आवाज नाही आला तर झोप येत नाही." मी वही काढली तसा तो गडबडला. "लिहायलाव काय? मालकाला काय सांगू?" मग आमच्यात बोलणी झाली आणि शृंगी घुबडाची नोंद वहीत ‘बगळा, मोठा, कपारीत, पिल्लं दोन’ अशी झाली.

पण मालक कमी नव्हते. मी गाडीला किक मारतोय तेवढ्यात ते स्वतः दारात आले. "घुबडाचं लिहिलं का?" मी राखणदाराकडं बघितलं, तो क्रशरच्या पट्ट्याकडं बघत होता. "मला माहीत आहे ओ सगळं," मालक म्हणाले. "लिहा. बिनधास्त लिहा. फक्त आमच्या खाणीचं नाव घालू नका. त्या खालच्या खाणीचं घाला. त्याचं आमचं जमत नाही."